माइकवरचं नाव

आई,

मी सम्यक आणि मैत्रीला घेऊन विहारापुढच्या गायनाला चालली. तू नको म्हणाली होतीस, म्हणून तू वावरातून यायच्या आधीच निघतो. दोघांना जेवू घातलंय. तुझी भाकर टोपल्यात झाकून ठेवली आहे.

हो, गाणारी पार्टी पप्पाचीच आहे. मी काही त्याच्या पाया पडायला जात नाही. गॅदरिंगला अख्ख्या शाळेपुढं बोलली मी, आता कोणाले भेत नाही.

पण काल सम्यकनं विचारलं, "ताई, पप्पाले माह्यं नाव याद असन का वं?" जालन्याला दुसरा संसार मांडल्यापासून पप्पाचा एक फोन नाही. मी म्हटलं, "हाव रे, येड्या." अन् मोरीत जाऊन रडली.

म्हणून सम्यकजवळ दहाची नोट दिली आहे, वर चिठ्ठी टाचून. बक्षीस दिलं की गायकाला गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव माइकवर घ्यावंच लागते. चिठ्ठीवर मी मोठ्या अक्षरात पूर्ण नाव लिहिलंय: सम्यक प्रेमानंद इंगळे. पोराचं घेताना पप्पाला स्वतःचंही घ्यावं लागंन.

तू येणार नाहीस, माहीत आहे. पण भोंग्याचा आवाज आपल्या ओट्यावर येतो. तिथं बसजो.

अन् नाव ऐकू आलंच नाही, तर आम्ही येईपर्यंत डोळे पुसून घेजो. सम्यकला मी सांगणार आहे की माइक मधेच बंद पडला होता. तूही तेच सांगजो.

समता