हिरव्या अंड्यांचं कारण

प्रिय एदेल्मिरा,

काल यास्ना येऊन गेली. पावसात चिंब भिजली होती बिचारी. चुलीपाशी बसवून तिला मातेच्या पाल्याचा गरम काढा पाजला. तुझी सून गुणाची आहे, पण निरोप सांगताना तिचे कान लाल झाले होते. "मोठ्या आई, सासूबाईंनी विचारलंय, नव्या कोंबड्या हिरवी अंडी का घालतात?" रुमालात गुंडाळून तिने एक अंडं आणलं होतं. मी ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. शेवाळलेल्या हौदाचा रंग गं! आपल्या सासूबाईंच्या कोंबड्यांची निळी अंडी बघायला तळ्यापलीकडून माणसं यायची. आणि आता अदलाबदलीचा दिवस तोंडावर आलेला असताना तू टोपलीत हे असलं घेऊन बसणार. तुझी झोप उडाली असेल, ते मी समजू शकते. उत्तर यास्नाकडे तोंडी देता आलं असतं, पण काही गोष्टी पोरीच्या तोंडी घालू नयेत, म्हणून लिहायला बसले.

तू काय काय करून बघितलंस ते तिने सगळं सांगितलं. मका बंद करून गहू सुरू केलास. विहिरीचं पाणी सोडून ओढ्याचं पाजलंस. पाद्रीबाबांना बोलावून खुराड्यावर तीर्थ शिंपडून घेतलंस. शिवाय नजर लागली असेल म्हणून एकेकीच्या पायात लाल दोरा बांधलास. यास्ना म्हणाली, "अंगण नुसतं लग्नघर झालंय, मोठ्या आई." हसू नये म्हटलं तरी मला हसू आवरेना. अगं, दाण्यापाण्याने कवचाचा रंग फिरत नाही आणि नजरेनेही नाही. तुझ्या म्हाताऱ्या कोंबड्या अजून निळंच अंडं घालतात, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. हिरवं घालतात त्या त्यांच्या लेकी. मग तू विचार कोणाचा करायला हवा होतास? पण ते मागाहून सांगते, आधी मला थोडं जुनं बोलू दे.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं मी केलं, हे तूही नाकारणार नाहीस. तुला वासाने मळमळायचं. त्यांनी जायच्या आधी कोंबड्या माझ्या ओटीत घातल्या, तू दारातच उभी होतीस. "झुनिल्दा, यांच्याबरोबर माझं नाव चालत राहू दे," म्हणाल्या. आपल्याकडे त्राफकिंतुला, अदलाबदलीच्या त्या दिवशी, पैसा चालत नाही. कोंबडी द्यायची, बियाणं घ्यायचं, आणि देताना ती कोणाच्या हातची ते मोठ्याने सांगायचं. मी दरवर्षी सांगायचे, "उबेर्लिंदाच्या हातची, तिच्याकडून माझ्याकडे आली." मला मूलबाळ नाही. माझ्यामागे माझं नाव कोण घेणार, तर त्या कोंबड्या घेणाऱ्या बायका. एवढीच आशा होती माझी, आणि तुला ती चांगली ठाऊक होती.

मग माझ्या कमरेचं हाड मोडलं. तेमुकोच्या इस्पितळात जाताना किल्ली मी तुझ्याच हातात दिली. "ताई, तू निश्चिंत जा," असं म्हणून तू माझा मुका घेतलास. हिवाळाभर मी तिकडे भिंतीला धरून चालायला शिकत होते आणि रोज खुराड्याची स्वप्नं बघत होते. परत आले त्या दिवशी तू मला जेवायला बोलावलंस. कासुएला केली होतीस, भोपळा घालून, वर कोथिंबीर. काय चव होती! मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, "रस्सा काय दाट झालाय गं," असं कौतुकही केलं. मग लाकडं आणायला मागे गेले, तर ओंडक्यापाशी काळी पिसं पडलेली, आणि त्यातच आपल्या कोंबड्यांच्या कानाजवळ असतात तसले दोन झुबके. आपली विधवा! अंगभर काळी म्हणून सासूबाईंनीच ते नाव ठेवलं होतं. इतकी चांगली खुडूक बसणारी कोंबडी पंचक्रोशीत नव्हती, दुसरीची पिल्लंसुद्धा पोटाशी घ्यायची. तू मला ती खाऊ घातलीस, आणि मी तुला शाबासकी दिली. एदेल्मिरा, ते जेवण अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

बाकीच्या सगळ्या तुझ्या कुंपणात होत्या. "ताई, तू परत येतेस की नाही कोणाला माहीत होतं? मी जगवल्या, आता माझ्याच," असं तू हसत हसत म्हणालीस. ओनोफ्रे भावजींनी जमिनीकडे बघितलं. मी भांडलेही असते, पण त्या वसंतात त्राफकिंतुच्या भर मैदानात तू कोंबडी हातात धरून काय सांगितलंस? "माझ्या हातची." सासूबाईंचं नाव नाही, माझंही नाही. वर चार बायकांना सांगितलंस, की झुनिल्दाने त्या उपाशी टाकल्या होत्या. त्या बायका माझ्याकडे अशा बघत होत्या, की मी काठी टेकत तशीच घरी आले. तेव्हाच मी ठरवलं, की तुझ्याशी गोड राहायचं.

आणि राहिले, नाही का? शाळेतल्या स्वयंपाकीणबाईंनी तुझ्याकडून घेतलेली निळी अंडी मी त्यांच्याकडून मागून घेतली आणि माझ्या भावाच्या घरी, तळ्यापलीकडे, उबवायला ठेवली. तिथे घराणं शुद्ध आहे, कोंबडे आहेत, तलंगा आहेत. ते तुला कळू दिलं नाही. तुला दिला तो कोंबडा दुसराच. तुझ्या वाढदिवसाला आणलेला, आठवतो ना? सोनेरी मान, शेपूट नाही, कानाशी हे एवढाले झुबके. तू त्याला उचलून नाचलीस. "बघा, ताईचं मन किती मोठं," असं सगळ्यांना सांगितलंस, आणि सासूबाईंचा जुना कोंबडा त्याच आठवड्यात पातेल्यात घातलास. मी तुला काही तसं करायला सांगितलं नव्हतं, पण तू करशील याची खात्री होती. रूप बघितलं की तुझं भान सुटतं. कोंबड्याचा तुरा बघितलास, झुबके बघितलेस, फक्त एक विचारलं नाहीस, जे सासूबाई आधी विचारायच्या: हा कोणत्या अंड्यातून निघाला? तांबड्या अंड्यातून, बाई. मीच निवडला होता. निळ्याच्या कोंबडीवर तांबड्याचा कोंबडा सोडला, की लेकी हिरवंच घालणार. कोंबडा स्वतः अंडं घालत नाही, म्हणून तो कधी पकडला जात नाही.

मागच्या वर्षी तू त्याची पिल्लं तळ्याभोवती घरोघर वाटलीस, आणि प्रत्येक वेळी छाती पुढे काढून सांगितलंस, "माझ्या हातची." आता त्या घरांत हिरवं अंडं निघालं, की बायका म्हणतात, "ही एदेल्मिराची." तुला नाव हवं होतं ना? घे. मला जराही वाईट वाटत नाही. उलट बऱ्याच वर्षांनी भूक लागायला लागली आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुझ्या म्हाताऱ्या कोंबड्या आणखी थोडेच दिवस घालतील, आणि तळ्याच्या या बाजूला निळ्या घराण्याचा कोंबडा राहिलेला नाही. त्राफकिंतुला माझ्या टोपलीत एक असेल. त्या म्हाताऱ्यांपैकी एक घेऊन ये, सगळ्यांसमोर उभी राहा आणि मोठ्याने सांग: "ही उबेर्लिंदाच्या हातची. तिने झुनिल्दाला दिली, आणि मी झुनिल्दाकडून चोरली." तेवढं बोललीस, की कोंबडा तुझा. देखणा आहे, तुला आवडेल. मात्र तो कोणत्या अंड्यातून निघाला, ते मी सांगणार नाही. त्याच्या लेकी मोठ्या होऊन पहिलं अंडं घालतील तेव्हाच तुला कळेल. तोवर रोज सकाळी खुराड्यात हात घालताना माझ्यावर विश्वास ठेवून बघ, कसं वाटतं ते.

तुझीच थोरली जाऊ,
झुनिल्दा