वरचं झाकण

प्रिय धाकट्या,

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुझ्या बाबांची डावी भुवई तेवढी अर्धी गेली आहे. ती कशी गेली ते सांगते.

तू हौसेने आणलेला तो मांस धुरावर शिजवायचा कोळशाचा स्मोकर दोन वर्षं मागच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होता. त्याचं नाव काढायची सोय नव्हती. तीस वर्षं कारखान्याचा बॉयलर सांभाळलेल्या माणसाला तू सांगितलंस, यात कोळसा आपल्या वजनानेच खाली सरकतो, पंखा आच सांभाळतो, माणसाने समोर बसायची गरजच नाही. तू कौतुकाने बोललास, त्यांना ते वर्मी लागलं. मग तेही नको नको ते बोलले आणि तू बॅग भरलीस. मी मध्ये पडायला हवं होतं. मी आपली भांडी घासत राहिले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी बघते तर ताडपत्री घडी घालून ठेवलेली. सोबतची पुस्तिका वाचतील तर ते तुझे बाबा कसले! उभ्या पेटीत वरून कोळसा भरला, खालून पेटवला, मटणाचा अख्खा खांदा आत ठेवला. तासाभराने, कोळसा किती उरलाय ते बघायला, चालू पेटीचं वरचं झाकण उघडलं. हवा मिळाली आणि खालचा जाळ भसकन वर आला. मला हसू आवरेना. ते मात्र भुवईवर हात ठेवून उभे. मग हळूच म्हणाले, पोराने बजावलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी आठला पेटी पेटते. पंखा घुरघुरतो, कोळसा गुमान उतरतो, आचेचा काटा जागचा ढिम्म हलत नाही. काम काही नसतं, तरी हे सहा तास समोर बसून. मांस निघालं की झरोक्यांच्या पट्ट्या सरकवून हवा बंद करतात आणि कारखान्यातली पाळी संपल्यासारखे हात पुसतात. खुर्च्या दोन मांडतात. दुसरीवर मी बसले की विचारतात, तुला आत काही काम नाही का?

काल त्यांनी वही-पेन माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, त्याला एवढं विचार, कोळसा मध्येच संपत आला तर वरचं झाकण उघडण्याआधी काय करायचं? अर्धी भुवई घेऊन विचारतात! पुस्तिकेतल्या याच उत्तराच्या ओळीखाली त्यांनीच पेन्सिलीने दोनदा रेघ मारली आहे. मी आपलं पेन उचललं. तर बाळा, उत्तर पत्राने धाडू नकोस, फोनवरही सांगू नकोस. रविवारी आठच्या आत ये आणि समोर बसून सांग. पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करतील. भुवईकडे बघून हसू नकोस म्हणजे झालं.

तुझीच,
केसांना धुराचा वास येणारी
आई