लॅबपुरतं चालू

आबा, तुम्ही गेल्यानंतर मी इंजिनियर झालो. सुरतेतच, एम्ब्रॉयडरी मशीनचे कंट्रोल बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात आहे. हल्ली स्वतःच्या हातांची किळस येते, म्हणून लिहितोय. कोसाड वस्तीतल्या आपल्या खोलीत आई मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी वाटायला बसली की टीव्हीवर रेघा यायच्या. मी म्हणालो होतो, आपला टीव्ही बंद असताना मिक्सर लावू. लूमवरून आलेले तुम्ही, हातपायसुद्धा न धुता ओरडलात, "आपला बंद शे, पन शेजारीसना चालू शे ना?" आणि तिथेच चुलीजवळ बसून मिक्सर उघडलात, ठिणग्या उडवणारे झिजलेले कार्बन बदललेत.

आमच्या बोर्डातही तसाच उपद्रव आहे. आत एक क्लॉक सेकंदाला कोट्यवधी ठोके देतो, आणि त्याचा गोंगाट रेडिओलहरींसारखा बाहेर पडतो. ठोके अगदी एकसारखे असले की मान्यतेचा शिक्का देणाऱ्या लॅबच्या मोजणीत एकच उंच टोक दिसतं आणि बोर्ड नापास होतो. वेग किंचित कमीजास्त डोलवत ठेवला की तोच गोंगाट आजूबाजूला पांगतो, टोक खाली बसतं. यात लबाडी नाही, जगभर करतात. पण डोलणं चालू केलं की आमच्या मशीनची सुई आणि फ्रेम यांचा मेळ चुकायचा, धागा तुटायचा. वायरिंग नव्याने करायला हवं होतं. शेठ म्हणाले, "कंईक करो ने, माल अटक्यो छे." मग बोर्डात दोन सेटिंग ठेवली गेली. लॅबसाठी डोलणं चालू, गिऱ्हाइकासाठी बंद. शिक्का मिळाला, पेढे वाटले. मीही खाल्ला.

महिनाभरात आमचे बोर्ड घेतलेल्या एका एम्ब्रॉयडरी युनिटमधून फोन आला. हात आत असेपर्यंत मशीन थांबवून धरणारा सेन्सर आमच्या गोंगाटाने आंधळा झाला होता. धागा ओवणाऱ्या बाईच्या बोटातून सुई आरपार गेली होती. आपल्याच धुळ्याकडची बाई. आम्ही तिथे गेलो तेव्हा शेठ तिला म्हणाले, "बेन, ध्यान राखवुं जोईए." ती माझ्याकडे वळली. "भाऊ, मना हात मझार व्हता, तरी ते चालू व्हयनं." मला सगळं समजत होतं आणि मी शेठच्या बोलण्यावर होकाराची मान हलवली. त्या मान हलवण्याची अजून शिसारी येते.

नंतर मी प्रत्येक युनिटमध्ये जाऊन वायरी बदलल्या, बोर्डावर पत्र्याचं झाकण बसवलं, डोलणं कायमचं चालू ठेवलं. धागा आता तुटत नाही. हे आधीच करता आलं असतं, आठ-दहा दिवसांचं काम होतं. त्या बाईचं बोट वाकत नाही. ती आता साड्यांना टिकल्या चिकटवते.

हे पत्र वाचायला तुम्ही नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. घरी, मित्रांत, सगळीकडे मी सांगतो की शेठने करायला लावलं. शेठला त्या दोन सेटिंगमधलं ओ की ठो कळत नाही, आबा. ती युक्ती मला सुचली होती, आणि सुचली तेव्हा मी खूश झालो होतो.