मुद्दाम चुकीचा लावलेला स्टो

११ डिसेंबर १९५७

स्टो आजही भडकला. पिवळा जाळ, पातेलं काळंकुट्ट, चहाला घासलेटाचा वास. ह्यांनी एक घोट घेतला आणि तोंड फिरवलं. बरोबरच आहे.

लग्न होऊन दिवेआगरात आले तेव्हापासून सकाळचा स्टो ह्यांनीच लावायचा. स्टो, भिंतीवरचं घड्याळ, कंदील, विहिरीवरचा रहाट, हे सगळं ह्यांचं राज्य. मला हात लावू देत नसत. 'तू फोडशील.' गावातलं कुणाचं काही बिघडलं की ते आमच्या ओटीवर. 'भाऊ, बघा जरा.'

आता भाऊ खाटेवर. नवरात्रात उजवं अंग गेलं, वाचा गेली. खाट माजघरात अशी ठेवलीय की स्वयंपाकघर दिसावं. मी स्टोशी झटापट करते आणि हे नुसते बघत असतात. त्या बघण्याचीच मला भीती वाटते.

१४ डिसें.

श्रीवर्धनहून डॉ. आले. मागच्या वेळेपेक्षा बरं काही नाही म्हणाले. हात रोज वळवा. बोटं एकेक करून उघडा. भिजवलेल्या कणकेचा गोळा उजव्या मुठीत द्या, दाबायला लावा. वाडीत दोन पोफळींना दोर बांधा, तो धरून चालवा. सगळ्यात मुख्य म्हणजे बोलतं करा. 'हे असे पडून राहिले तर तसेच राहतील, वहिनी. मग माझ्याच्यानं काही होणार नाही.'

मी म्हटलं, बोलायला लावलं की चिडतात. म्हणाले, 'चिडू देत की. चिडलेला माणूस मला चालतो.'

डॉ. गेल्यावर वाडीतला गडी रामा हळूच म्हणाला, 'वयनी, पारव्याचा रगात चोला. आमच्या आजाला गुन आला व्हता.' ह्यांच्या हातासाठी पारवा मारलेला ह्यांनाच खपायचा नाही. नारायण तेल आणवलंय, तेच चोळते.

१९ डिसें.

कणकेचा गोळा हातात दिला. पडला. पुन्हा दिला. पडला. तिसऱ्या वेळी डाव्या हाताने उचलून भिंतीवर मारला. मला हसू आलं, मग वाईट वाटलं.

दु. वाडीत नेलं. रामाने काथ्याचा दोर चांगला ताणून बांधलाय. पहिल्या पोफळीपाशीच खाली बसले आणि रडले. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मीही शेजारी बसले. रामा उगीचच रहाटाकडे निघून गेला.

२३ डिसें.



स. काकडा पेटवून स्टो तापवला, पंप मारायला घेतला. मारतेय, मारतेय, जाळ काही धरेना. दम लागला. कंटाळून 'मेल्या, पेट ना' म्हटलं. तोच मागून आवाज:

'चावी!'

वळून बघितलं. चेहरा लाल, डावा हात वर. 'चावी! चावी!'

टाकीची चावी उघडीच राहिली होती. मारलेला सगळा वारा तिथून बाहेर. बंद केली, पंप मारला, निळा जाळ फुसफुसत लागला. मी तो तसाच टाकून ह्यांच्यापाशी गेले. म्हटलं, पुन्हा म्हणा. माझं नाव घ्या, काहीही म्हणा. ओठ हलले, शब्द नाही. पण सकाळी एकदा निघाला होता. मी ऐकला. रामानेही ऐकला पडवीतून.

आज देवाला साखर ठेवली.

२६ डिसें.

तीन दिवस गोडीगुलाबीने विचारलं. पाणी म्हणा, राम म्हणा. काही नाही.

आज चावी मुद्दाम उघडी ठेवली.

'चावी!'

२८ डिसें.

पंप खाली-वर जातो पण वारा भरत नाही. हा खरा बिघाड, मी केलेला नव्हे. ह्यांनी खुणेने स्टो खाटेवर मागितला. दांडा काढायला लावला. आतलं चामड्याचं वायसर वाळून आकसलं होतं. 'तेल.' हाही शब्द नवा! खोबरेल दिलं. चामडं तेलात भिजवायचं, बोटाने कडा बाहेर फाकवायच्या, मग दांडा फिरवत फिरवत आत सोडायचा, म्हणजे कड दुमडत नाही. इतकं साधं. एवढ्यासाठी लोक आमच्या ओटीवर ताटकळायचे.

पण लिहायचं ते वेगळंच. वायसर काढताना ह्यांनी टाकी उजव्या हाताने दाबून धरली होती. ह्यांच्या लक्षात नाही आलं. मी बोलले नाही. बोलले असते तर हात पडला असता असं वाटलं.

५ जाने. ५८

आता मी रोज काहीतरी चुकवते. आधी योजून ठेवते, जशी उद्याची भाजी योजतात.

कंदिलाच्या वातीचे कोपरे कापले नाहीत, काच काळी झाली: 'वात!' घड्याळ खिळ्यावर जरा तिरकं टांगलं, टिकटिक लंगडायला लागली: 'वाकडं!' आज स्टोची पिन उलटी घालायला गेले तर 'गाढव!' हे मला. संसारात एवढा आनंद मला कुठल्या शब्दाने दिला नसेल.

मागच्या पडवीत मात्र मी सगळं नीट करते. घड्याळाखाली कागदाची घडी कुठे घालायची, वात कशी कापायची, सगळं येतं आता. ह्यांच्यासमोर तेवढी वेंधळी. नाटकवाल्यांनी न्यावं मला.

१७ जाने.

ह्यांचा डोळा लागला होता. मोहल्ल्यातली सकीनाभाभी स्टो घेऊन आली. भाऊ आजारी म्हणून परत निघाली होती. मी म्हटलं, थांब. मागे बसून पिन मारली, वायसर तेलात घातलं, लागला. भाभी बघतच राहिली. 'या अल्ला, वयनी, तुमी?' मी म्हटलं, कुणाला सांगू नकोस. का ते नाही सांगितलं.

२ फेब्रु.

रहाटाची माळ मी रामाला सैल बांधायला सांगितली. गाडगी आपटायला लागली. दोर धरून हे पहिली पोफळ, दुसरी पोफळ, मग दोर संपला तरी पुढे! काठीवर, पाय ओढत, थेट रहाटापर्यंत. 'सैल! माळ सैल! रामा, गाढवा!'

पाच शब्द एका दमात. रामा टोपी काढून उभा. डोळे पुसत म्हणाला, 'व्हय भाऊ, चुकलाच माजा.' ह्यांनी स्वतः गाठ दाखवली. उजव्या हाताची दोन बोटं लावून.

परत आल्यावर कणकेचा गोळा आपणहून मागितला. उन्हाळ्यापर्यंत हे सुपारी सोलायला बसतील. बसतीलच.

१६ फेब्रु.

आज सगळं गेलं.

हे ओटीवर आरामखुर्चीत बसले होते. सकीनाभाभी आली, ताटलीत सांदणं घेऊन. भाबडी बाई. 'भाई, तुमच्या घरवालीच्या हाताला अल्लानं बरकत दिलीय. आमचा स्टव असा केलान, नवा काय! मग माझ्या नणंदेचा पन केलान. तुमी काय शिकवलंव तिला, बाय बाय!'

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. सकाळीच मी चावी उघडी ठेवून ह्यांच्याकडून दोनदा ओरडून घेतलं होतं.

भाभीला कळलंच नाही. कुणाला का सांगायचं नाही ते मी तिला सांगितलं नव्हतं, तिथेच चुकले. मी तिला पाणी दिलं. सांदणं तशीच राहिली.

१७ फेब्रु.

चावी उघडी ठेवली. पंप मारला. खूप वेळ मारला. मागे शब्द नाही. वळले तर तोंड भिंतीकडे.

२१ फेब्रु.

कंदिलाची काच काळी. काही नाही. घड्याळ वाकडं. काही नाही. हात पुढे केला तर देतात, मी वळवते, सोडला की पडतो. दोराकडे जात नाहीत.

मी रागावले. रागावून रडले. म्हटलं, 'हो, मला येतं सगळं. तुमच्याकडूनच आलं. तुम्ही बोलावंत म्हणून मी वेंधळी झाले, त्यात माझं काय चुकलं?' डावा हात हलवला, जा अशी खूण.

फसवलं म्हणून राग, की आपल्यावाचून काही अडत नाही म्हणून? मला विचारता येतं, ह्यांना सांगता येत नाही. आणि मला दोन्ही खरं वाटतं. ह्यांना एकाच गोष्टीची चव होती, कुणीतरी 'भाऊ, बघा जरा' म्हणण्याची. मी ती खोटी खोटी देत होते. खऱ्यापेक्षा जास्त दिली होती, पण खोटी.

१ मार्च

डॉ. येऊन गेले. हात आखडतोय म्हणाले. 'मधे इतकं छान चाललं होतं, काय झालं?'

घड्याळ बंद पडलंय. चावी देणं हे ह्यांचं काम. मला देता येते. देत नाही. घरात कसलाच आवाज नाही, माझी बांगडी वाजली तरी दचकते.

ह्यांचं जेवण अर्ध्यावर आलंय. मी फार थकले. आज पहिल्यांदा मनात आलं की हे आता असेच जातील, माझ्याकडे पाठ करून.

७ मार्च

सकीनाभाभी आली होती. रामाने तिला सांगितलं असणार. दारातच रडली. 'मी काय केलाव, वयनी.' मी म्हटलं, तू कौतुक केलंस, बस. तिला चहा केला. स्टो एका झटक्यात लागला. कधी नव्हे तो इतका नकोसा झाला.

१२ मार्च

स. उजाडताना उठले. स्वयंपाकघरात गेले. काकडा हातात घेतला आणि थांबले.

चावी उघडी आहे.

काल संध्याकाळी स्टो मीच पुसला, चावी मीच घट्ट फिरवली. ते माझं आता अंगवळणी पडलंय. रामा स्वयंपाकघरात येत नाही. मांजर चावी उघडत नाही. खाटेपासून इथवर धरायला दोर नाही. फक्त भिंत आहे. काठी खाटेच्या ह्या बाजूला होती, आज त्या बाजूला आहे.

आत जाऊन बघितलं. तोंड भिंतीकडे. डोळे मिटलेले. झोपलेल्या माणसाचा श्वास मला कळतो. हा तसा नव्हता.

स्वतः चहा करून घ्यायला उठले आणि पुढचं जमलं नाही? म्हणजे माझी गरज नको म्हणून? की माझ्यासाठीच उघडी ठेवली?

विचारणार नाही. विचारलं तर हात हलवतील.

स्टो अजून लावलेला नाही. आधी हे लिहून घेतलं. आता जाते. चावी आहे तशीच ठेवणार. खाटेकडे पाठ करून बसेन आणि पंप मारत राहीन.