शोभनाच्या गाण्यातला तो माणूस

करामा, दुबई
रविवार, दुपार

तीर्थरूप रामेश्वरदादांना सुरेशचा साष्टांग नमस्कार (मान आखडली आहे, त्यामुळे सध्या अष्टांगांपैकी सातच, आठवं बरं झालं की पाठवतो). तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुमची धाकटी बहीण शोभना क्षेम आहे, तुमची भाची आभा क्षेम आहे. राहता राहिलो मी.

शोभनाचं गाणं पहिल्या नंबरवर आहे हे तुम्हाला इस्लामपुरात कळलंच असेल. पण ते तिथवर कसं गेलं आणि त्यात माझं काय झालं, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, तिथे हमीदा नावाची एक बाई एक्स-रे काढते. मूळची मोंबासाची, आवाज असा की पेशंटला भूल द्यावी लागू नये. ही हमीदा सुट्टीच्या दिवशी कीबोर्ड वाजवते. दोघींचं जमलं आणि एके दिवशी जेवताना शोभना म्हणाली, "आम्ही सोल बॅलड करतोय." मी मुकाट्याने लसणाची वाटी पुढे ओढली, कारण आमच्या घरात 'सोल' या शब्दाचा तेवढाच अर्थ होता. आभा म्हणाली, "बाबा, सोल मीन्स आत्मा. इट्स अ होल जॉन्र." म्हणजे संथ लयीत, पोटातून, एकेक शब्द ओढत, काळीज बाहेर काढून ठेवायचं. मी म्हटलं ठेवा. मला वाटलं, चार जणी ऐकतील, समोसे होतील, खलास.

दादा, इथल्या एका एफएम स्टेशनवर दर आठवड्याला वीस गाण्यांची यादी लागते, लोक मोबाइलवरून मतं देतात. आमचं गाणं ('आमचं' म्हणायची अजून सवय आहे) आधी एकोणिसावं आलं. मी पेढे आणले. मग अकरावं आलं. मी हसलो. चौथं आलं तेव्हा शेजारच्या मरियमबी बिर्याणी घेऊन आल्या आणि माझ्या हातात डबा देऊन माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाल्या, "शोभनाजी हैं क्या?" सव्वीस वर्षं मी इथे एअर कंडिशनिंगच्या धंद्यात आहे, आधी साइटवर, आता सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसात, पण आता लोक मला 'शोभनाचे मिस्टर' म्हणतात. तेही मी गिळलं असतं. पण गाण्याचे शब्द गिळता येईनात. शब्द तिचेच आहेत आणि ते असे आहेत:

तुझ्या आधी तुझी शीळ यायची,
भात उतू जायचा, मी हसत राहायची.
मध्येच कुठल्या मजल्यावर राहिलास, सांग.

आता तुम्हीच सांगा, हा कोण? मी शीळ घालत नाही. माझे पुढचे दोन दात २००९ साली क्रिकेट खेळताना गेले, तिथे आता नवे आहेत, त्यांतून नुसती हवा येते. आणि भात उतू गेला तर आमच्याकडे कोणी हसत नाही. ऑफिसात आमचा मॅनेजर, लेबनॉनचा आडदांड माणूस, त्याला मराठीचा एक शब्द कळत नाही, तरी गाणं ऐकून त्याने डोळे पुसले आणि विचारलं, "हबीबी, हू इज धिस मॅन?" मी म्हटलं, "धिस इज जस्ट पोएट्री." तो माझ्याकडे ज्या दयेने बघत राहिला, तसं मेलेल्या कंप्रेसरकडेसुद्धा कोणी बघत नाही.

विचारायची सोय नव्हती. विचारलं तर मी जळतोय हे कळलं असतं (मी जळत नव्हतो, मला फक्त झोप लागत नव्हती आणि अन्न जात नव्हतं). मी आभाला खडा टाकून पाहिला. ती म्हणाली, "इट्स अ साँग, बाबा. चिल." म्हणून मी दुसऱ्या नंबरच्या गाण्याला मतं द्यायला लागलो. माझ्या फोनवरून, ऑफिसच्या फोनवरून, गेल्या सोमवारी फुजैराच्या साइटवर गेलो तर तिथल्या दोन वॉचमनच्या फोनवरूनही. शुक्रवारी यादी लागली. शोभना पहिली.

शनिवारी सकाळी तिला स्टेशनवर मुलाखतीला बोलावलं. मला म्हणाली, "कुकर लावलाय, लक्ष ठेव." मी स्वयंपाकघरात रेडिओ लावला. निवेदिका म्हणाली, "श्रोत्यांनो, शोभनाताईंना थेट प्रश्न विचारा." माझ्या हाताने, माझ्या परवानगीशिवाय, नंबर फिरवला. लागलाही. नाव विचारलं. मी आवाज घोगरा करून म्हणालो, "विष्णू. अबू धाबीहून." आणि विचारलं, "ताई, गाण्यातला तो माणूस खरा आहे का?"

तेवढ्यात माझ्यामागे कुकर किंचाळला.

शोभना अगदी शांतपणे म्हणाली, "विष्णूभाऊ, ही कितवी शिट्टी?"

दादा, मी खरं सांगितलं. "पाचवी," मी म्हणालो.

"मग गॅस बंद करा. आणि ऐका. तो खरा आहे. शारजाला तिसऱ्या मजल्यावर राहायचा, लिफ्ट नव्हती. दिवसभर उन्हात साइटवर राबून यायचा, तरी शीळ घालत चढायचा. पुढे आम्ही लिफ्टवाल्या घरात आलो. मग तो कधी दिसला नाही."

मी गॅस बंद केला. आधी मनात म्हटलं, शारजाला तिसऱ्या मजल्यावर आपल्या ओळखीचं कोण होतं? एक मल्याळी कुटुंब समोर, एक रिकामा फ्लॅट, आणि मधल्या दारात... मधल्या दारात आम्ही. खाली फरशीवर बसलो. आभा पाणी प्यायला आली, माझ्याकडे बघून तिने एक ग्लास मलाही दिला.

शोभना घरी आली तेव्हा मी वरणात हळद घालत होतो. मी म्हटलं, "मला आधी सांगायचंस." ती म्हणाली, "तू आधी विचारायचंस." मी वरणात पुन्हा हळद घातली. तुम्हाला वाटेल आता माझी जळजळ थांबली असेल. उलट वाढली. परका माणूस असता तर त्याच्यात शंभर खोडी काढल्या असत्या. या माणसाचं काय करू? केस दाट, दात स्वतःचे, आणि सातही अमिरातींतल्या बायका त्याच्यासाठी रडतात.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
सुरेश

ता. क. १. हे पत्र खरं तर एका कामासाठी लिहिलं. शोभनाचा व्हिसा अडकला होता ते अकरा महिने मी तिला इस्लामपूरच्या पत्त्यावर पत्रं लिहीत होतो. ती तुमच्या माळ्यावर कुठेतरी असतील. तिला न सांगता त्यांचे फोटो पाठवाल का? तो माणूस काय बोलायचा ते मला बघायचं आहे. हमीदा म्हणते, दुसरं गाणं लवकरच करायचं आहे.

ता. क. २. माळ्यावर चढू नका. मी दाढी करत असताना शोभनाने हे पत्र वाचलं. पत्रं इथेच आहेत, तिच्या कपाटात, साड्यांखाली. म्हणाली, "माझ्याकडे मागायला तुला दादा लागतो?" मग एकच काढून दिलं. बाकीची, गाणं यादीतून खाली उतरल्यावर.

ता. क. ३. तेव्हा दादा, तुम्ही आणि वहिनी तुमच्या शाळेतल्या सगळ्यांना धरून रोज मतं देता असं कळलं. हात जोडून विनंती आहे, थांबवा.