मी तुमचं ऐकायला आलोय

ती. आत्यास,
सप्रेम सलाम.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? मी खुशाल आहे आणि अजून विद्यार्थीच आहे, यात सगळं आलं. शेजारच्या काकूंना मात्र एकदा नीट समजाव. मी व्यावहारिक ईश्वरविज्ञान आणि ख्रिस्ती नीतिशास्त्र यांत डॉक्टर होतोय; त्यांच्या पित्तावर माझ्याकडे बायबलमधली वचनं आहेत, गोळ्या नाहीत.

तर हकिगत अशी. माझ्या प्रबंधाचा विषय, दुःखात असलेल्या माणसांचं ऐकून घेणं. (हसू नकोस. तू भाजी निवडायला घ्यायचीस, जुडी संपायची, पण माझं वाक्य संपायचं नाही, हे मला आठवतंय.) त्यातलं मुख्य प्रकरण मार्गदर्शक बाईंनी दोनदा परत केलं. म्हणाल्या, यात म्हातारी माणसं कमी आणि तुम्हीच जास्त बोलताय. या खेपेला जमलं नाही तर गाशा गुंडाळा. मी मुकाट वृद्धाश्रम गाठला, कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींसमोर वाकलो आणि हलकेच म्हणालो, "आजी, मी तुमचं ऐकायला आलोय."

आजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. त्यांचं म्हणे आजवर कुणी ऐकलंच नव्हतं, पोटच्या पोरांनी तर नाहीच. "ऐकणार ना? मग ते कपाट खिडकीपासून सरकव." सरकवलं. गादी उलटी केली, पडदे काढून पुन्हा लावले, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून कपाट परत होतं तिथे नेलं. (वही पिशवीतच.) शेवटी लोकरीची लड माझ्या दोन्ही हातांवर चढवली, आणि गुंडा करता करता आजी आपणहून बोलू लागल्या. नवरा गेल्यापासून त्यांनी प्रार्थना सोडली होती. देवावर राग होता, आणि तो सांगू गेलं की भेटायला आलेला माणूस घाईघाईने वचन काढायचा. मी नुसता बसून होतो. लड संपली तेव्हा डोळे पुसून म्हणाल्या, "मध्ये वचन न घुसडणारा तू पहिलाच रे." आत्या, मला भरून आलं.

ते सगळं (आजींच्या परवानगीने) जसंच्या तसं लिहून दिलं. बाईंनी प्रकरण मंजूर केलं, वर म्हणाल्या, गप्प बसायला शिकलात एकदाचे. आभार कुणाकुणाचे मानू? बाईंचे, आजींचे आणि सगळ्यांआधी तुझे. आई गेल्यावर वर्षभर माझी बडबड तू ऐकलीस, एकदाही पुरे म्हणाली नाहीस. मी प्रबंधात जे लिहितोय ते मुळात तिथेच पाहिलेलं आहे.

तुझा,
निम्माशिम्मा डॉक्टर भाचा

ता. क. त्या दिवशी माझा घसा बसला होता. 'ऐकायला आलोय' हे त्यातून निघालेलं शेवटचं वाक्य. वचनं चांगली दोन-तीन जिभेवर आली होती, पण आवाजच फुटेना.

आणखी एक. हे बाईंना अजून सांगितलेलं नाही. सांगावं तर प्रकरण परत येईल, न सांगावं तर पदवी नीतिशास्त्राची. काल आजींना विचारलं. म्हणाल्या, "सांगून टाक. तुझा घसा कुणी बसवला, ते त्यांनाही कळू दे." उद्या सकाळी बाईंकडे जातोय. त्या वेळी माझ्यासाठी प्रार्थना कर. आजी म्हणाल्या, त्याही करून बघतील.