बंडीतलं वजन

१४ ऑगस्ट, बुधवार
पोरगा येऊन गेला, दत्ता. धाराशिवहून मोटारसायकलवर, पाठीला काळी पिशवी. पिशवीत जॅकेट. त्याच्या कप्प्याकप्प्यात लोखंडी छर्ऱ्यांच्या पुड्या. म्हणाला, "आबा, हाडं ठिसूळ व्हायलीत म्हणले ना डॉक्टर. हे घालून रोज चालायचं. शहरात सगळे घालायलेत."
घातलं. श्वास कोंडल्यासारखा झाला. पुड्या कमी केल्या. हळूहळू वाढवा म्हणाला.
मग खरं ते बोलला. दिवाळीत येतो. वजन घालून घर ते शेत जाऊन या, मधी कुठं न टेकता. जमलं तर ऱ्हावा सास्तूरलाच, परत विषय काढणार नाही. नाही जमलं तर दोघंही धाराशिवला यायचं. गाय विकायची.
सौ. भाकरी थापत होती. हातातली तव्यावर टाकायची विसरली. तिलाही माझ्यासारखंच लागलं असणार.

१७ ऑगस्ट
जॅकेट घालून रस्त्यावर निघालो. चाँदभाई शिंपी मशीनवरूनच ओरडला, "काय आबा, सरहद्दीवर निघालाव का?" पारावरची सगळी हसली. तिथूनच मागं फिरलो. एवढी वर्षं रोज संगं फिरणारा माणूस, त्यानं तरी...
सौ. म्हणाली, "आणा इकडं. बंडीत शिवून देते." जुन्या लुगड्याचे जाड कप्पे केले, पुड्या आत, वरून गोधडीगत टाके. त्यावर सदरा. कुणाला कळत नाही. हुशार बाई.

२५ ऑगस्ट
जुन्या गावठाणापाशी बसावं लागलं. आपलं घर होतं तिथल्याच दगडावर. भूकंपात पडलं ते पडलं, आता नुसत्या बाभळी. घाम थांबेना. उजव्या खांद्याला मुंग्या. लकवा तर नव्हे? चाँदभाई म्हणतो, बंदांचा दाब. त्याला काय कळतंय.
घरी येऊन तरी पुड्या वाढवायला सांगितल्या. दिवाळी लांब नाही.
"जिवावर उठलाव का?" म्हणाली. पण शिवून दिल्या.

१० सप्टेंबर
बरं वाटायलंय. वजन वाढवतोय तरी अंगाला हलकं लागतंय. मुंग्या नाहीत. झोप नीट.
गाय तर नवलच करती. गोठ्यात गेलो की छातीला तोंड लावती, हुंगत ऱ्हाती, सोडत नाही. मुक्या जनावराला कळतं, हा माणूस कुणापायी चालतोय. डोळ्यात पाणी आलं.

२ ऑक्टोबर
शेतापर्यंत जाऊन आलो. कुठंच टेकलो नाही! चाँदभाईला म्हणालो, ये, पंजा लढव. पाडला त्याला. सगळ्यांसमोर.
दत्ताला फोन केला. "वजन पुरं हाय ना आबा?" म्हणालो, पुरं हाय. "मग झालं. मी काय तपासत बसणार न्हाय, तुमच्यावर इश्वास हाय."
सौ.ला म्हणालो, आता आपण इथंच मरायचं बघ. ती चुलीत फुंकत होती. धुरानं डोळे पुसत होती.

१२ ऑक्टोबर, दसरा
लिहू नये वाटतं.
घामेजलेली बंडी गोठ्यापाशी दोरीवर टाकली होती. गायीनं ओढून कप्पाच फाडला. आवाजानं धावलो. छर्रे पोटात गेले तर गाय जायची. जबड्यात हात घातला. हातात आली सरकी. लाळेनं भिजलेली. खाली सांडली होती तीही सरकी. दुसरा कप्पा मीच उसवला. सगळे उसवले.
छर्ऱ्यांच्या पुड्या पिठाच्या डब्यामागं होत्या.
सौ. म्हणाली, "त्या दिशी गावठाणात दगडावर बसलाव तवा ओठ काळे पडले हुते. मी बघितलं रानातून येताना. एकेक पुडी काढत, सरकी भरत गेले."
"सांगायचंस."
"सांगून ऐकताव?"
म्हणजे अंगात जोर आलाच नव्हता. आणि गायीची माया नव्हती, सरकीचा वास होता. आमचीच सरकी, तिच्यासाठी आणलेली.

१३ ऑक्टोबर
चाँदभाईकडं गेलो. सगळं सांगितलं. तो सदऱ्याला काजं करत होता, मान वर करेना.
"तुला ठाव हुतं?"
"वहिनी दोरा न्यायला आली तवा बोलली."
"आन पंजा?"
"जाऊ द्या ना आबा. च्या घेताव का?"
चहा न घेता उठलो. पारावर कोण कोण हसलं असंल.

२० ऑक्टोबर
दसऱ्यापासून कप्पे स्वतः शिवून खरं लोखंड घालतोय. गावठाण गाठेपर्यंत छाती भरून येती. एवढे दिवस खरं वजन पेललं असतं तर आज...
हिला म्हणालो, तुझ्या मायेनं घात केला माझा.
डाळ निवडत होती. थांबली. "माया म्हणून पहिली पुडी काढली. मागनं न्हाय."
"मग?"
"मला जायचंय धाराशिवला." माझ्याकडं न बघता. "गुडघे गेले माझे. शेण काढवत न्हाय, हापशावरनं घागर आणवत न्हाय. नातवंडं तिथं हायत. दिवाळीत दत्ता आला की पुड्या परत भरणार हुते बंडीत. म्हणलं, बसतील वाटंत, दत्ता संगं असंल, मिटंल एकदाचं."
"आन मला तोंडावर सांगायला काय झालं हुतं?"
"तुमी कधी इचारलं?"
मी उठून गोठ्यात गेलो. डाळ मात्र तिनं पुरती निवडली.

२६ ऑक्टोबर
भूकंपानंतर हे घर मिळालं तेव्हा सामान यायच्या आधी हिनं चूल मांडली होती. मला वाटायचं हिचा जीव इथंच. गावभर सांगत आलो, आमची मंडळी उंबरा सोडायची नाही.
माझ्या मुलाला कळू न देता, मला कळू न देता, मला पाडायचं ठरवून रोज बंडीचे बंद बांधत होती. नीट बांधायची, काचू नये म्हणून बोट घालून बघायची. हे कुठं ठेवू?
आज घागर उचलून बघितली हापशावर. निम्मी भरून आणली. जड असती. ही रोज आणती. तरी राग जात नाही.

१ नोव्हेंबर, दिवाळी
दत्ता आला, सून आली, पोरं आली. अंगणात फटाके. फराळ झाला. "चहा झाला की निघू आबा," म्हणाला. वजनाचं काही विचारलं नाही. विचारणारही नाही, तसा शब्दच दिलाय त्यानं.
मी आतल्या खोलीत. सौ. बंडी मांडीवर घेऊन बसलीय, कप्पे परत उसवलेले. एका बाजूला पुड्या, एका बाजूला सरकीचं टोपलं. डोळे सुजलेत तिचे. मीही नीट झोपलो नाही.
सरकी घातली तर जाऊन येतो, नक्की येतो. मग ही कायमची इथं. दत्ताला फसवणं होतं ते वेगळंच. लोखंड घातलं तर गावठाणातच बसणार. मग गाय, गाव, सगळं संपलं. आणि हिला हवं ते हिला मिळालं, तेही माझ्याच हातून.
सुईत दोरा ओवून झालाय. "कशानं भरू?" विचारतीय. बायको झाल्यापासून असं विचारून थांबलेली मी हिला बघितली नाही. थांबलीय.
बाहेरून दत्ता हाक मारायलाय.